जोडशब्दांची पेटी: तिसरी-चौथीच्या मतलेखनासाठी घ्यावी का?

कारण, म्हणून, शिवाय, पण. हे चार शब्द जागच्या जागी वापरता आले, तर तिसरीतलं मूल आपलं मत पाच ओळींत नीट मांडू शकतं. उभयान्वयी अव्ययांची, म्हणजे शब्द किंवा वाक्यं जोडणाऱ्या शब्दांची, लांबलचक यादी पाठ असलेल्या पाचवीतल्या मुलाला मात्र ते पुष्कळदा जमत नाही. शिष्यवृत्तीच्या तयारीत अव्यय ओळखायला शिकवलं जातं. चार पर्यायांतून ‘पण’ हे न्यूनत्वबोधक (विरोध किंवा उणेपणा दाखवणारं) आहे हे ओळखणं वेगळं, आणि समोरच्याचं म्हणणं ऐकून घेऊन ‘पण’ने आपली बाजू पुढे नेणं वेगळं. या दुसऱ्या कामासाठी हाताळता येईल असं साहित्य मराठीत फार कमी आहे. म्हणून कोल्हापुरात महाद्वार रोड आणि राजारामपुरीतल्या शालेय साहित्याच्या दुकानांत सध्या दिसणारी ही ‘जोडशब्दां’ची पेटी तपासून घेण्याजोगी वाटली. पेटीवरचं नाव इथे देत नाही. अशाच बांधणीची पेटी दुसऱ्या नावाने मिळाली, तरी पुढचं सगळं तिलाही लावून पाहावं.

पेटीत ६० कार्डं, १८ लांब वाक्यपट्ट्या, भिंतीवर लावायचा एक तक्ता आणि ४८ पानांची सरावाची वही आहे. किंमत ३८० रुपये. कार्डं नऊ बाय सहा सेंटिमीटरची, जाड आणि दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेली आहेत. कडा गोल कापल्या आहेत, त्यामुळे टोकं उकलत नाहीत. लॅमिनेशन चकचकीत असल्याने ट्यूबलाइटखाली मागच्या बाकावरून अक्षर दिसत नाही. कार्डं फळ्यावर लावून शिकवायचं असेल तर ही अडचण येते. चार जणांच्या गटात बाकावर मांडून खेळायला काहीच त्रास नाही. अक्षर मोठं आहे. मात्र ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे छापले आहेत. तिसरीच्या मुलाला पाठ्यपुस्तकातलं मराठी वळण सवयीचं असतं, आणि ‘शिवाय’ हा तर रोज हातात येणारा शब्द. पुढच्या छपाईत हे सुधारायला हवं.

नावाबद्दल एक तक्रार आधीच करतो. शाळेत ‘जोडशब्द’ म्हटलं की मुलांना दगडधोंडे, सगेसोयरे, काळाकुट्ट असे शब्द आठवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण मराठीच्या तासाला त्यांनाच जोडशब्द म्हणतात. वर्गात ही कार्डं काढताना ‘वाक्यं जोडणारे शब्द’ असं पूर्ण म्हणावं. नाहीतर पहिली दहा मिनिटं गैरसमज दूर करण्यात जातात.

रंगांची वाटणी चांगली आहे. निळ्या पट्ट्यांवर मत, पिवळ्या कार्डांवर कारण सांगणारे शब्द, हिरव्यावर परिणाम सांगणारे, केशरीवर भर घालणारे आणि उदाहरण देणारे, गुलाबीवर विरोध दाखवणारे. मुलाने मांडलेल्या ओळीत निळं, पिवळं आणि केशरी दिसलं, तर त्या मताला निदान एक कारण आणि एखादी भर किंवा उदाहरण आहे, हे लांबूनच कळतं. तीन निळ्या पट्ट्या एकापुढे एक असतील, तर मूल तेच मत तीनदा सांगतंय. ‘फुटबॉल मस्त असतो. फुटबॉल मला आवडतो. फुटबॉल भारी खेळ आहे.’ हे चुकीचं आहे असं सांगण्यापेक्षा तीन निळ्या पट्ट्या दाखवणं अधिक उपयोगी पडतं. पेटीतली सर्वांत उत्तम गोष्ट हीच, आणि नुसत्या वहीवर ती साधत नाही.

आता पेटीतला मोठा दोष. तो छपाईचा नाही, रचनेचा आहे.

कार्डांची चढण पाहिली की मूळ आराखडा कुठून आला ते ओळखू येतं. अमेरिकेत २०१० साली आलेल्या ‘कॉमन कोअर’ या शालेय मानकांत दुसरीच्या मुलांना मत आणि कारण जोडण्यासाठी बिकॉज, अँड, ऑल्सो हे शब्द सुचवले आहेत. तिसरीला बिकॉज, देअरफोर, सिन्स, फॉर एक्झांपल. आराखडा चांगला आहे, उचलायला हरकत नाही. पण इंग्रजीत हे शब्द बहुतेक करून दोन वाक्यांच्या मधे किंवा वाक्याच्या तोंडाशी येतात. म्हणून तिथे एक पट्टी, मधे कार्ड, पुढे दुसरी पट्टी, एवढ्यावर भागतं. मराठीत निम्मी जोडणी शब्दाच्या शेपटीला असते किंवा पहिल्या वाक्याच्या अखेरीस. काही शब्द जोडीने येतात, तर काही दुसऱ्या शब्दाला धरून मधेच बसतात. मधल्या फटीत कार्ड ठेवायची एकच सवय लागली, तर मूल मराठी वाक्य इंग्रजीच्या साच्यात बसवू लागतं.

सगळ्यांत आधी ‘मुळे’ घ्या. पेटीत पिवळं सुटं कार्ड आहे: मुळे. मूल ‘पूर’ लिहिलेली चिठ्ठी ठेवतं, शेजारी हे कार्ड ठेवतं आणि वहीत उतरवतं: ‘पूर मुळे शाळा बंद राहिली.’ दोन चुका एकदम पक्क्या होतात. ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय आहे, ते शब्दाला जोडूनच येतं आणि त्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. पूर, पुरामुळे. पाऊस, पावसामुळे. गूळ, गुळामुळे. धूळ, धुळीमुळे. पूर, गूळ, धूळ यांतला दीर्घ ऊ इथे ऱ्हस्व होतो, तो चौथीपर्यंत चुकत राहतो. उपाय घरगुती आहे: कार्डाच्या डाव्या कडेला कात्रीने लहानशी खाच पाडा आणि मुलांना सांगा, खाच असलेलं कार्ड एकटं राहत नाही, त्याला आधीच्या शब्दाचा हात धरावा लागतो. ‘साठी’ आणि ‘ऐवजी’ या कार्डांनाही तशीच खाच पाडावी. ‘त्यामुळे’ला पाडू नये, तो शब्द स्वतंत्र उभा राहतो.

‘देखील’ आणि ‘सुद्धा’ यांचंही तेच. ऑल्सोच्या जागी ‘देखील’ दिलंय आणि कार्डावर पुढे रिकामी रेघ आहे. वही भरणारं मूल ‘देखील फुटबॉलमुळे पाय मजबूत होतात’ असं लिहिणार, कारण कार्डाने त्याला तसंच सुचवलं आहे. मराठीत हे काम शब्दाच्या मागे होतं: ‘फुटबॉलमुळे दम वाढतो. पायदेखील मजबूत होतात.’ किंवा नुसतं ‘पायही’. तिसरीसाठी ‘ही’ पुरे. पेटीत त्याचं कार्डच नाही, ते कोऱ्या कार्डावर लिहून घ्यावं.

‘शिवाय’ मात्र दोन्हीकडे चालतो, म्हणून तो सावकाश शिकवावा. ‘कोल्हापुरी चप्पल टिकाऊ असते. शिवाय ती दुरुस्त करून पुन्हा वापरता येते.’ इथे तो नवं कारण आणतो. ‘चपलेशिवाय उन्हात चालवत नाही.’ इथे तो शब्दाला जोडलेला आहे आणि अर्थही वेगळा. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी फळ्यावर लिहिली की फरक लगेच दिसतो. वहीत फक्त पहिला उपयोग आहे.

‘म्हणून’ हा या पेटीतला सर्वांत मोलाचा शब्द, आणि त्याच्यावरच सर्वांत कमी मेहनत घेतलेली दिसते. तो हिरव्या कार्डावर परिणाम म्हणून दिला आहे. पण ही दोन वाक्यं पाहा:

‘रंकाळ्याचं पाणी घाण होतं, म्हणून निर्माल्य पाण्यात टाकू नये.’

‘रंकाळा स्वच्छ राहावा म्हणून निर्माल्य पाण्यात टाकू नये.’

पहिल्यात घडलेली गोष्ट आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. दुसऱ्यात हेतू. दुसऱ्या वाक्यात ‘म्हणून’ पहिल्या तुकड्याला चिकटून येतो, त्याच्याआधी स्वल्पविराम नाही आणि क्रियापद ‘राहावा’ होतं. कार्ड एकच असलं तरी पहिल्या वेळी ते उजव्या पट्टीबरोबर सरकवायचं, दुसऱ्या वेळी डाव्या पट्टीबरोबर. मुलांना हे सरकवणं आवडतं आणि लक्षात राहतं. मतलेखनात हेतू वरचेवर लागतो, कारण ‘असं व्हावं म्हणून असं करावं’ हीच सल्ला देण्याची मराठी रीत आहे. तिसरीला पहिला उपयोग, चौथीला दुसरा, असा क्रम ठेवावा.

जोडीच्या शब्दांत वहीने केलेली चूक गंभीर आहे, कारण बरोबर लिहिणाऱ्या मुलाला तिथे चूक ठरवलं जातं. पान २७ वर ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ या वाक्यासमोर फुली आहे आणि ‘जर’ राहिला असं म्हटलं आहे. हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. मराठीत जर-तर आणि जरी-तरी या जोड्यांतला पहिला शब्द गाळता येतो. दुसरा गाळून सहसा चालत नाही. ‘पाऊस पडला तरी सामना होईल’ हेही तसंच. मुलांची खरी चूक वेगळीच असते: ‘जरी मिसळ तिखट असली पण मला आवडते.’ इथे ‘जरी’चा जोडीदार बदलला. ती चूक वहीत कुठेही नाही. ‘ज्याअर्थी’चं कार्ड आहे, ‘त्याअर्थी’चं नाही. सिन्सच्या बदल्यात ते घातलं असावं. दहा वर्षांच्या मुलाला ते लागतही नाही, बाजूला काढावं.

बाजूला काढायची आणखी कार्डं सांगून टाकतो: सबब, यास्तव, किंतु, निष्कर्षतः. व्याकरणाच्या यादीत यांतले शब्द आहेत म्हणून ते पेटीत आले असावेत. मुलाच्या बोलण्यात ते नाहीत, त्यामुळे लिहिताना ते शोभेपुरते येतात आणि वाक्य अर्जासारखं होतं. ‘कारण की’ हे कार्डही नको. लिहिताना नुसतं ‘कारण’ पुरतं.

हे वगळल्यावरही जे उरतं त्यावर एक सत्र नीट चालवता येतं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पहिली दहा मिनिटं फक्त तोंडी काम, मधली पंधरा कार्डांवर, शेवटची दहा वहीत. तोंडी भाग गाळू नये. जे वाक्य मूल बोललेलं नाही, ते त्याला लिहिता येत नाही. पहिल्या आठवड्यात एकच शब्द: कारण. शिक्षक मत देतील, मुलांनी फक्त ‘कारण…’ पासून पुढे बोलायचं. ‘रंकाळ्याच्या कडेने संध्याकाळी गाड्या बंद ठेवाव्यात, कारण…’ उत्तरं आली की एकच प्रश्न विचारायचा: हे कारण आहे, की तेच पुन्हा सांगितलं? ‘कारण गाड्या नकोत’ हे कारण नाही. ‘कारण लहान मुलं तिथे चालायला येतात’ हे आहे.

दुसऱ्या आठवड्यात ‘म्हणून’, आणि तो ‘कारण’च्या उलट दिशेने चालतो हे दाखवून. पेटीतल्या पट्ट्यांची अदलाबदल इथे फार उपयोगी आहे. ‘छत्री घ्यावी, कारण ढग आलेत.’ आता पट्ट्या उलट्या ठेवा, मधलं कार्ड बदला: ‘ढग आलेत, म्हणून छत्री घ्यावी.’ कार्ड न बदलता पट्ट्या उलटवल्या तर ‘ढग आलेत, कारण छत्री घ्यावी’ असं होतं, आणि मुलं स्वतःच हसून चूक पकडतात. दिशा उलटी होण्याची चूक या वयात सर्वांत जास्त होते. ती लाल शाईने सुधारत नाही, अशा अदलाबदलीने सुधारते.

तिसऱ्या आठवड्यात ‘शिवाय’. इथे अट एकच: शिवायनंतरचं कारण पहिल्याहून वेगळं हवं. ‘फुटबॉल चांगला, कारण दम वाढतो. शिवाय श्वास टिकतो’ हे एकच कारण दोनदा झालं. चौथ्या आठवड्यात उदाहरण. ‘उदाहरणार्थ’ हा शब्द लिहायलाच अवघड आहे. ‘ण’चा ‘न’ होतो, रफार हरवतो. तिसरीला ‘जसं की’ किंवा ‘समजा’ चालवून घ्यावं. ‘समजा’ तर मुलांच्या तोंडचाच शब्द आहे, आणि पेटीत तो नाही. ‘पण’ आणि ‘तरीही’ शेवटी घ्यावेत, कारण तिथे दुसऱ्याचं मत आधी मान्य करून मग उत्तर द्यावं लागतं. चौथीच्या दुसऱ्या सत्राआधी याची घाई करू नये.

‘मग’विषयी पेटी गप्प आहे, आणि ही मोठी उणीव आहे. या वयाची मुलं गोष्ट सांगण्यात तरबेज असतात. गोष्ट ‘मग’ आणि ‘आणि मग’ यांवर चालते. मत लिहायला सांगितलं की तोच शब्द येतो: ‘मला फुटबॉल आवडतो. मग आम्ही मैदानावर जातो. मग मजा येते.’ याला व्याकरणाची चूक म्हणता येत नाही, मुलाने मताऐवजी गोष्ट लिहिली आहे. उपाय असा, की प्रत्येक ‘मग’भोवती पेन्सिलने गोल करायचा आणि विचारायचं, इथे नंतर काय झालं ते सांगायचंय, की का ते सांगायचंय? ‘का’ असेल तर पिवळं कार्ड.

मताच्या पट्ट्यांवर ‘मला असे वाटते की’ एवढंच छापलंय. मराठीत ‘असं मला वाटतं’ हे मतानंतरही येतं आणि तेव्हा वाक्य जास्त सहज उतरतं: ‘मधली सुट्टी अर्ध्या तासाची असावी, असं मला वाटतं.’ पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे रूप लिहून ठेवावं. बोलीचाही विचार हवा. करवीर, कागल, पन्हाळा भागातली मुलं ‘त्यामुळं’, ‘त्याच्यासाठनं’ असंच बोलतात. तोंडी कामात ते खोडू नये. तिथे विचार जुळतोय का ते पाहायचं असतं. लिहिताना फळ्यावर दोन रकाने करावेत, ‘बोलताना’ आणि ‘लिहिताना’, आणि ‘त्यामुळं’समोर ‘त्यामुळे’ मांडावं.

वहीतले विषय बदलावेच लागतील. बर्फ पडल्यावर शाळेला सुट्टी असावी का, हा प्रश्न पान १० वर आहे. कारण सुचायला माहिती लागते, आणि इथल्या मुलाला बर्फाची माहिती नाही. पुराची आहे. २०१९ च्या पुराबद्दल घरात ऐकलेलं असतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे पावसाळ्यात रोज कानावर पडतं. ‘पाणी ३९ फुटांवर गेल्यावर नदीकाठच्या शाळांना सुट्टी द्यावी का?’ असा विषय दिला, तर कारण म्हणून आकडा वापरता येतो, आणि ‘मला भीती वाटते म्हणून’ व ‘पाणी इशारा पातळीच्या वर आहे म्हणून’ यांतला फरक बोलता येतो. कुस्ती की फुटबॉल, हा विषयही इथे चांगला चालतो. दोन्ही बाजूंना कारणं सुचणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. चार आठवड्यांनंतर आणि थोडं ‘पण’ शिकल्यावर चौथीच्या मुलाकडून असा परिच्छेद अपेक्षित धरावा:

‘शाळेत रोज अर्धा तास फुटबॉल खेळू द्यावा, असं मला वाटतं, कारण पळल्यामुळे दम वाढतो. शिवाय सगळ्यांना एकत्र खेळता येतं. समजा कुणाकडे बूट नसले, तरी तो गोलकीपर होऊ शकतो. काही जण म्हणतात अभ्यास बुडेल, पण अर्ध्या तासात अभ्यास बुडत नाही. म्हणून शेवटची तासिका खेळाची असावी.’

यात सहा-सात जोडण्या आहेत, आणि ‘पळल्यामुळे’ व ‘बूट नसले, तरी’ या दोन पेटीच्या साच्यात बसत नाहीत. वाक्य मराठी वाटतं ते त्यांच्यामुळेच.

भिंतीवरचा तक्ता विकत घेण्यासारखा नाही. एका कागदावर ३२ शब्द, सगळे एकाच आकारात. मूल वर बघतं आणि जो सर्वांत जवळ दिसेल तो उचलतं. त्याऐवजी त्या आठवड्याचे शब्दच हाताने लिहून लावावेत, एका वेळी चारपेक्षा जास्त नकोत.

संख्येचाही हिशेब करून ठेवावा. ‘कारण’ची कार्डं पाचच आहेत. चाळीसच्या वर्गात चौघांचे दहा गट होतात, म्हणजे निम्म्या गटांकडे सर्वांत गरजेचं कार्ड नसतं. ‘सबब’ मात्र तीन आहेत. एका ए-फोर कार्डशीटमधून याच मापाची नऊ कार्डं निघतात. पिवळ्या आणि हिरव्या रंगाच्या दोन-दोन शीट घेतल्या की ‘कारण’, ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ प्रत्येक गटाला पुरतात.

घरी एका-दोघा मुलांसाठी पेटी घेत असाल तर ३८० रुपये जास्त आहेत. वीस कार्डं हाताने करून तेच काम होतं. शाळेने वर्गासाठी एक पेटी घ्यावी, पट्ट्या आणि रंगीत कार्डं वापरावीत, तक्ता बाजूला ठेवावा. वही मुलांना वाटू नये. तिच्यातली पानं १४ ते २१, जिथे पट्ट्यांची अदलाबदल आहे, तेवढीच शिक्षकांनी समोर ठेवावीत, आणि पान २७ वरची फुली आधी स्वतःच्या हाताने खोडून टाकावी.